जलसुरक्षक काका, गावाचा ताळेबंद तुमच्यामुळे जुळला

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि किती लागेल याचा हिशेब, मांडला गेला आणि रब्बीचा पेरा त्यावर ठरला. शाबासकी राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीला मिळाली. ती खरी तुमची, ग्रामपंचायतीच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जलसुरक्षकाची आहे. कशाकशासाठी, हे चारचौघांत लिहितो आहोत, म्हणजे हेच काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या तुकड्यांनाही ते सापडेल.

सगळ्यात जास्त आभार विहिरींच्या मोजणीबद्दल. टेपला वजन बांधून सोडलं की पातळी कळते, एवढ्याच माहितीवर विद्यार्थी शिवारात उतरतात. तुम्ही आधी कठडे मोजायला लावले. कठड्याच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या अंतरातून कठड्याची उंची वजा करायची आणि टेप जिथून सोडली तिथे लाल रंगाची खूण करायची. खूण नसली की पुढच्या वेळी दुसरी बाजू धरली जाते. मग फूटभराचा फरक पाण्याचा की कठड्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी अट विजेची. पहाटे मोजावं हा नियम शेतीला दिवसा वीज असते तेव्हाच खरा. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटारी रात्रभर चालतात, आणि पहाटे विहीर उपसलेली असते. झऱ्यांना ती भरायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून तुम्ही विजेचं वेळापत्रक आधी मागवलंत आणि त्या आठवड्यात मोजणी संध्याकाळी, मोटारी सुरू होण्याआधी ठेवलीत. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. वेळ चुकली तर एका विहिरीमागे एवढं पाणी वहीतून गायब!

गटात चौघेच, हेही तुमचंच म्हणणं. एक टेप धरतो, दुसरा आकडा मोठ्याने सांगतो, तिसरा लिहून परत वाचून दाखवतो, चौथा शेतकऱ्याशी बोलतो. एका फेरीत १२ विहिरी पुरे. त्याहून जास्त धरल्या की शेवटच्या नोंदी अंदाजाने भरल्या जातात.

पेऱ्याच्या आकड्यांत तर तुम्ही ताळेबंद वाचवलात. सातबाऱ्यावर १.२० दिसलं की विद्यार्थी १ एकर २० गुंठे वाचतात. ते असतं १ हेक्टर २० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर), म्हणजे जवळपास ३ एकर. क्षेत्र निम्मं धरलं की पाण्याची गरजही निम्मी दिसते, कागदावर शिल्लक राहते आणि शेतात पीक दाण्यावर येताना विहीर कोरडी पडते. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एकच एकक लिहायची सक्ती त्यासाठी होती.

पावसाचा हिशेब सोपा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ६०० हेक्टरच्या शिवारावर ४५० मिलिमीटर पडला तर २७० कोटी लिटर होतात. हा आकडा ऐकून ग्रामसभा निर्धास्त होते, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्यातलं बरंचसं पाणी ओढ्याने गेलेलं, उन्हाने उडालेलं किंवा खरिपाने प्यायलेलं असतं. म्हणून रब्बीचा हिशेब ऑक्टोबरातल्या विहिरींच्या पातळीपासून आणि बंधाऱ्यातल्या साठ्यापासूनच सुरू झाला. त्यातून जूनअखेरपर्यंतचं पिण्याचं पाणी, माणशी रोज ५५ लिटरने, आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला. उरलेलं शेतीला. गव्हाला सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे एकरी १६ लाख लिटर लागतात, हे फळ्यावर आलं तेव्हा किती एकर गहू परवडतो याचा भागाकार सभेने स्वतःच केला.

आणि पारासमोर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढायची कल्पना! पडद्यावरच्या नकाशाकडे लोक नुसते बघत राहतात. रांगोळीत मात्र बायका पुढे होऊन कोणता हातपंप कोणत्या महिन्यात आटतो ते खडे ठेवून दाखवतात. असे प्रकल्प बहुधा शिबिराचे ७ दिवस संपले की संपतात, कारण नोंदी विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये निघून जातात. तुम्ही मूळ वही ग्रामपंचायतीत ठेवून घेतलीत आणि महाविद्यालयाला नक्कल दिलीत.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात विहिरी मोजते; गावाची मोजणीही त्याच महिन्यांत ठेवू या. टेप तुमच्याकडेच आहे. तिचं टोक झिजलंय, पहिले ५ सेंटिमीटर पुसट दिसतात, तेव्हा जानेवारीच्या आधी नवी पाठवतो. त्या वेळी येणारे विद्यार्थी नवे असतील. त्यांनाही आधी कठडे मोजायला लावा.

आपली,
राष्ट्रीय सेवा योजनेची विद्यार्थी तुकडी