काकू, तुमची लांब सुई अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय!

आजी, आत्या आणि मावशी. मी लहानाची मोठी झाले ती या तिघींच्या मांडीवर आणि धाकात. त्यांच्या कापडी बाहुल्या करायचं ठरवलं तेव्हा मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. मांजरपाटावर जागा मिळेल तसे आजीचे हातपाय आखले आणि कापले. कापूस भरल्यावर एक हात जाडजूड झाला, दुसरा लांबतच गेला. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष. विणलेलं कापड उभ्या धाग्यावर जवळजवळ ताणत नाही, आडव्यावर थोडं ताणतं आणि उरेब, म्हणजे तिरकं, तर कसंही पळतं, म्हणून जोडीचे तुकडे एकाच दिशेने कापायचे, हे तुम्ही त्या दोन हातांवरच दाखवलंत. मानेच्या वळणावर टीप बारीक घालायची, कडेला टिपेपर्यंत न पोचणारे छोटे काप द्यायचे, नाहीतर उलटल्यावर कापड चुणतं. कापूस चिमूट चिमूट भरायचा, मानेत मात्र दगडासारखा ठासायचा.

पण आभार याचे नाहीत. एवढं कुणीही शिकवलं असतं, कदाचित जरा गोड बोलून.

आभार आहेत आत्याच्या बाहुलीचे. फोटो समोर ठेवून मी तीन रात्री तिचा चेहरा भरत बसले होते. सहापदरी दोऱ्यातला एकेक पदर सुटा करून भुवया भरल्या, गालावरचा तीळसुद्धा सोडला नाही. एवढं करून ती आत्या दिसेचना. डोळे डोक्याच्या मध्याच्या बरेच खाली गेले होते, त्यामुळे पन्नाशीची बाई बाळासारखी टुकुटुकु बघत होती. तुम्ही ती हातात घेतलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि मला न विचारता चेहऱ्याचे सगळे टाके उसवलेत. त्या रात्री मी तुम्हांला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

उसवून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "फोटो ठेव बाजूला. ती बसायची कशी, ते सांग."

मला सांगता येईना. मग तुमच्या खोलीत जमिनीवर बसूनच दाखवलं. एक गुडघा उभा, त्यावर कोपर, मान जराशी वळलेली. घरात कुणीतरी चुकीचं बोललंय आणि ही उत्तर जुळवतेय, अशी. फोटोत ती ताठ उभी आहे, फोटोपुरती हसलेली. ती कशी बसायची हे माझ्या गुडघ्याला पाठ होतं, मला मात्र माहीत नव्हतं.

मग तुम्ही गुडघ्यावर आरपार टीप मारून भरलेला कापूस दोन भागांत तोडलात, म्हणजे पाय दुमडतो. लांब सुईने मान मागून ओढून बांधलीत. डोळ्यांच्या जागी आधी टाचण्या खुपसून बघायला लावलंत, तेही डोक्याच्या मधोमध. दोन ठिपके, एक रेघ. तीळ नको म्हणालात. (तिळावरून आपलं थोडं वाजलं, आठवतंय ना?)

नंतर कधीतरी ब्रिटिश म्युझियममधल्या एका चिंधीबाहुलीचा फोटो पाहण्यात आला. ती इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेली आहे, इसवी सनाच्या १ ल्या ते ५ व्या शतकातली. लिननचं कापड, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे. चेहऱ्यावर ओळखावं असं काहीच उरलेलं नाही, तरी ती कुणाच्या तरी कुशीत झोपत असणार हे बघताक्षणी कळतं. तुम्हांला दाखवायची राहिलीच.

आत्याची बाहुली मी खिडकीशी पाठमोरी ठेवली होती. बाबा खोलीत आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "ही आज कुणावर चिडलीय?" चेहरा त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. मग ते बराच वेळ तिच्याशेजारी बसून होते. मी आत निघून गेले.

मावशीही झालीय पूर्ण. तिचं डोकं डुलतंय, मानेत कापूस कमी पडला. पण मावशी हो म्हणतानाही नाही म्हटल्यासारखी मान हलवायची, तेव्हा कृपा करून ही उसवू नका. सुई रविवारी आणून देते.

तुमची,
बटणवाली