‘तगणे’ म्हणजे ‘श्रेष्ठ असणे’ नव्हे

महोदय,
उत्क्रांतिविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांची एकच विश्वदृष्टी मांडणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सांगड घालायला हरकत नाही. पण इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर (आगरकरांवर ज्याचा प्रभाव होता तोच) उत्क्रांती म्हणजे उन्नतीच असे मानून जिथे घसरला, तिथेच लेखकही घसरले आहेत. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (जो सर्वांत ‘फिट’ तो तगतो) हा शब्दप्रयोग स्पेन्सरचा, १८६४ मधला. डार्विनने तो आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. यातले ‘फिट’ म्हणजे त्या-त्या परिसराला जुळणारे, वरच्या पायरीवरचे नव्हे. अंधाऱ्या गुहांतील काही माशांचे डोळे नाहीसे झाले. पट्टकृमी या परजीवी जंताला तर पचनमार्गच नाही, ज्याच्या शरीरात तो राहतो त्याच्या आतड्यातले तयार अन्न तो त्वचेतूनच शोषतो. दोघेही उत्तम तगले आहेत. लेखातील ‘उत्क्रांती म्हणजे नैतिक उन्नती’ या सूत्रात पट्टकृमीला कोठे बसवायचे?
– एक वाचक, पुणे