‘कोणी?’ एवढंच लिहिणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या बातमीतलं वाक्य असं होतं : ‘अध्यक्षांनी सचिवांना सांगितले, की त्यांनी 3 लाख रुपये काढले.’ डेस्कवर बातमी तपासताना तुम्ही ना व्याख्यान दिलंत, ना कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, परत धाडलीत. ‘त्यांनी’खाली रेघ ओढलीत आणि शेजारी लिहिलंत, ‘कोणी?’ पान छपाईला सोडायला जेमतेम 20 मिनिटं उरली होती. त्या एका शब्दासाठी हे पत्र.

पैसे अध्यक्षांनी काढले, सचिवांनी काढले, की तिसऱ्याच कोणी? तिन्ही अर्थ निघतात, आणि कुणाची तरी अब्रू एका सर्वनामाला टांगलेली राहते. कबुली अध्यक्षांची असेल तर ‘आपण रक्कम काढल्याचे अध्यक्षांनी सचिवांना सांगितले’. बोट सचिवांकडे असेल तर ‘सचिवांनी रक्कम काढल्याचा आरोप अध्यक्षांनी केला’. नुसतं ‘की आपण रक्कम काढली’ लिहूनही भागत नाही, कारण ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा. ‘काढल्याचे’ आलं की ‘आपण’ बोलणाऱ्याकडेच वळतं.

याआधीच्या डेस्कांवर ऱ्हस्व-दीर्घ तपासलं जायचं, मथळा तिखट व्हायचा आणि माहितीला धनी नसला की ‘सूत्रांनी सांगितले’ चिकटवलं जायचं. सूत्र एक, तरी अनेकवचन! बदनामीचं कलम, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेतलं 356, त्या चिकटपट्टीनं टळत नाही, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

तुमच्या खुणा मात्र अजून उपयोगी पडतात. ‘त्यांनी म्हणाले’ हे हिंदी कॉपी घाईत उतरवताना होतं : ‘उन्होंने’चं ‘त्यांनी’ आधी उतरतं आणि क्रियापद सवयीचं येतं. ‘म्हणाले’ कर्तरी चालतं, म्हणून ते म्हणाले, त्या म्हणाल्या. ‘त्यांनी’ ठेवायचंच असेल तर पुढे ‘म्हटले’ किंवा ‘सांगितले’ हवं.

‘पोलिसांनुसार’वरची तुमची काट सगळ्यात मोलाची. ‘नुसार’ माणसाला लावायचं नाही. ते माहितीला, नोंदीला, जबाबाला लागतं. नाम शोधावं लागलं की बातमीदाराची फसवणूक उघडी पडते : पोलिसांच्या कशानुसार? फिर्यादीनुसार, पंचनाम्यानुसार, की ठाण्याबाहेर कुणी तोंडी बोललं त्यानुसार? फिर्याद ही तक्रारदाराची बाजू असते, तपासाचा निष्कर्ष नव्हे. ‘मते’चंही तसंच. हवामान विभागाच्या ‘मते’ 70 मिलिमीटर पाऊस पडत नाही. झालेला पाऊस नोंदीनुसार आणि उद्याचा अंदाजानुसार.

वारही जागेवर लागतो. ‘पूल मंगळवारी बंद राहणार असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले’ आणि ‘पूल बंद राहणार असल्याचे अधिकाऱ्यांनी मंगळवारी सांगितले’ यांत नुसता शब्द हललेला नाही. पहिलं वाचून लोक मंगळवारी लांबच्या रस्त्यानं जातील.

आणि ते ‘स्पष्ट केले’! बातमीदाराला वाटतं, ‘सांगितले’ची पुनरुक्ती टाळली. पण ‘स्पष्ट केले’, ‘उघड केले’, ‘कबूल केले’ म्हणजे सांगितलेलं खरंच आहे यावर आपणच शिक्का मारणं. ‘दावा केला’ उलट संशय पेरतो. बिचारं ‘सांगितले’ दहा वेळा आलं तरी चालतं, वाचकाला ते खटकत नाही. ‘तथाकथित आरोपी’ लिहिणाऱ्यांना तर तुम्हीच सांगू जाणे, की ‘तथाकथित’मध्ये टोमणा असतो, नुसता आरोप सांगायचा तर ‘कथित’ पुरे, आणि आरोपीला तेही नको.

मराठीत ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ हा केवढा सोपा शब्द आहे. बातमीत तो चालत नाही, पण ‘असे समजते’ हे सूटबूट घातलेलं ‘म्हणे’च आहे, असं तुमच्या काटाकाटीवरून दिसतं.

6 जानेवारीला, पत्रकार दिनी, शाली बातमीदारांच्या खांद्यावर पडतात. रात्री साडेअकराला अनोळखी सचिवाची अब्रू राखणाऱ्याचं नाव छापूनही येत नाही. सभ्यपणा असाच असतो बहुधा, बिननावाचा.

एक मात्र अजून पटलेलं नाही. स्वल्पविराम ‘की’च्या आधी, हे मान्य, पण ‘की’ आणि ‘असे’ एका वाक्यात दिसले की तुम्ही दर वेळी ‘की’च का उडवता? कधी तरी ‘असे’ उडवून बघा ना.

आपला,
जिल्ह्याचा एक बातमीदार