घडांची मोजणी

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी मध्येच 'रेंज जातेय' म्हणाले ना, तेव्हा रेंज गेली नव्हती. कॉम्प्युटरच्या जोडीला लॅटिनही मुख्य विषय म्हणून घ्यायचंय असं मी सांगितल्यावर, आप्पा, तुम्ही म्हणालात, "वेलीवर घड जास्त ठेवले की एकालाही साखर भरत नाही," आणि मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मी माझे घड मोजतेय. हे पत्र दादा प्रिंट काढून देईल. बेदाण्याच्या शेडवर घाई असेल तर रात्री वाचा, पण दोघं मिळून वाचा.

आधी हिशेब. इथे पदवीला चार वर्षांत ३२ कोर्स लागतात, दर सेमिस्टरला चार. कॉम्प्युटर सायन्सला गणितासकट ११. क्लासिक्सला, म्हणजे लॅटिन आणि जुन्या रोमचा इतिहास, ९. झाले २०. राहिलेल्या १२ पैकी ७ आधीच इकडचे-तिकडचे होऊन गेलेत, म्हणजे मोकळे उरले ५. पदवी एकच मिळते, तिच्यावर मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून दोन विषय लागतात. फी वाढत नाही. वर्षही वाढत नाही, वाढवायची सोयच नाही, कारण मला मिळणारी आर्थिक मदत आठ सेमिस्टरपुरती आहे आणि नवव्याला कॉलेज एक डॉलर देणार नाही.

आई, तुझी नोकरीची काळजी. पदवीनंतर इथे अमेरिकेत कामाची परवानगी १२ महिने मिळते, कॉम्प्युटरसारख्या विषयाला आणखी २४. ती मला कॉम्प्युटरवरच मिळेल आणि कामही त्यातलंच करावं लागेल. लॅटिनने त्यात काही बिघडत नाही. लॅटिनवर मला कुणी पगार देणार नाही, हे आत्ताच कबूल करून टाकते, म्हणजे तो मुद्दा संपला.

आता जे सांगितलं नव्हतं ते. नोव्हेंबरात डिस्क्रीट मॅथ आणि लॅटिनचा पेपर एकाच दिवशी आला. मी रात्री दोनपर्यंत लॅटिन करत बसले, गणिताची वही उघडली तेव्हा डोळे मिटत होते. गणितात बी मायनस आला. तुम्हाला 'बरे गेले पेपर' म्हणून सांगितलं. तेव्हा आप्पा, तुमचं घडांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. मी त्याची चव घेतलीय.

म्हणून विरळणी केली. कॉम्प्युटरचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध करणार नाही. मोकळ्या पाचांतले तीन गणितालाच देणार. आणि रोमला जायची सेमिस्टर सोडली. ती कापताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण ती घेतली तर अल्गोरिदमचा कोर्स वर्षभर मागे पडतो आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप हातची जाते.

आई विचारते, मेलेली भाषा शिकून बोलणार कुणाशी? कुणाशीच नाही. पहिल्या वर्षी मी तो वर्ग निव्वळ वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला फळ्यावर शब्द आला, 'अग्रिकोला', म्हणजे शेतकरी. लॅटिनमध्ये या गटातली बहुतेक नामं स्त्रीलिंगी, हा एक पठ्ठ्या बायकांच्या रांगेत उभा राहून पुल्लिंगी. मग विभक्तीचे तक्ते सुरू झाले. बाकीची पोरं हबकली, कारण इंग्रजीत असलं फारसं काही उरलेलं नाही. मी मनात 'स, ला, ते' म्हणत मजेत होते. आई, तू घडांना कागद लावायचीस आणि मी मान वाकडी करून त्या पेपरातल्या उलट्या बातम्या वाचत रांगभर फिरायची, आठवतं? तसं झालं. शब्द उलटेसुलटे, कुठलाही कुठेही, शेपटी बघून नातं लावायचं.

या सेमिस्टरला व्हर्जिल हा जुना रोमन कवी वाचतोय. इसवी सनापूर्वी २९ च्या सुमारास त्याने शेतीवर चार भागांची कविता पुरी केली, त्यातला दुसरा भाग झाडांचा आणि द्राक्षबागांचा. खरंच सांगते, वाचताना तुम्हीच बोलताय असं वाटतं. कोवळ्या वेलीला कात्री लावू नको, पानं हातानं खुड. बाग खोदायला पहिला जा, छाटणीच्या काड्या जाळायला पहिला जा, घड काढायला मात्र सगळ्यांच्या शेवटी. मी वर्गात हसले. व्यापारी गेटवर गाडी लावून बसलेला आणि तुम्ही मण्याचा थेंब साखर मोजायच्या मीटरवर टाकून म्हणताय, "अजून दोन दिवस." माझ्या वर्गातल्या एकानेही बागेत पाय ठेवलेला नाही. त्यांना सगळं तळटिपा बघून कळतं.

कॉम्प्युटरचा कोड लिहितानाही मला बरं वाटतं, तो कमी आवडतो म्हणून दुसरं शोधलं असं मनात आणू नका.

फॉर्म मार्चच्या सुट्टीआधी द्यायचाय, दोन्ही विभागांच्या सह्या घेऊन. मी तो भरणार आहे. पण अट मीच घातलीय: येत्या डिसेंबरात अल्गोरिदमला बी प्लसच्या खाली गेले, तर लॅटिन मेजरवरून मायनरवर, म्हणजे दुय्यम विषयावर, आणायचं, निम्मे कोर्स. ही अट दादालाही कळवलीय. तुम्ही नको म्हणालात तर रविवारी नीट कारण सांगा, मी या वेळी रेंज घालवणार नाही.

आणि आप्पा, एक काम आहे. व्हर्जिल म्हणतो, मावळतीकडे उतरणाऱ्या जमिनीवर बाग लावू नको. आपली वरची बाग मावळतीलाच कललेली आहे, हे मी वर्गात बोलून गेले. बाईंनी विचारलं, मग तुमचा अनुभव काय? मला सांगता येईना. दुपारच्या उन्हाने मणी भाजतात म्हणून, की दुसरं काही? आणि वरची सोनाका द्राक्षं दरवर्षी खालच्यापेक्षा आधी पिकतात की मागून? गुरुवारी वर्गात सांगायचंय, विसरू नका.

तुमची धाकटी