बॅटरी बदलण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की बॅटरीच्या दुकानांसमोर जुन्या गाड्या उभ्या राहू लागतात. उष्णतेने बॅटरीतील पाणी लवकर आटते आणि आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात, त्यामुळे आपल्याकडे बॅटरीचे आयुष्य कमी भरते हे खरे आहे. परंतु बॅटरी वारंवार उतरते म्हणजे ती खराबच झाली, असा निष्कर्ष कोणतीही मोजणी न करता काढला जातो आणि गाडीतला मूळ दोष तसाच राहतो. हे माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत घडल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे १९९७ ची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. तीनदा पुनर्नोंदणी करून ती आजही वापरात आहे. गेल्या वर्षी अक्कलकोटहून दर्शन घेऊन रात्री परतताना वळसंगला चहासाठी थांबलो आणि नंतर सेल्फ फिरेना. लोकांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली असता कारागिराने इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढले, इंजिन बंद पडले नाही हे दाखवले आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) उत्तम असून बॅटरीच गेली आहे असे सांगितले. मी नवी बॅटरी घेतली. अकरा महिन्यांत तीही उतरू लागली, तेव्हा पुन्हा तोच प्रयोग झाला आणि पुन्हा तोच सल्ला मिळाला.

सूतगिरणीच्या विद्युत विभागात आयुष्य काढलेल्या माणसाने पहिल्याच वेळी मीटर हातात घ्यायला हवा होता, याची मला खंत वाटते. दुसऱ्या वेळी तो घेतला. दिवसा, दिवे बंद ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले, म्हणजे सारे ठीक दिसत होते. मग हेडलाइट आणि पंखा लावून इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला, तेव्हा अल्टरनेटरच्या पाठीमागच्या टर्मिनलवर त्याच्याच बॉडीच्या संदर्भात १४.३ व्होल्ट होते आणि बॅटरीवर मात्र केवळ १२.६. मधले १.७ व्होल्ट कुठे जात आहेत हे शोधण्यासाठी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या त्या टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवली, तर १.६ व्होल्ट दिसले; अर्थिंगच्या बाजूने, म्हणजे अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यात, तेच मोजले तर जेमतेम ०.१. चांगल्या वायरीत धन बाजूला हा आकडा ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. दोष अल्टरनेटरमध्ये नव्हता आणि बॅटरीतही नव्हता, तो चार्जिंगच्या वायरीच्या एका जोडात होता. जोड हिरवा पडला होता, त्याभोवतीचे आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते आणि हात लावताच चटका बसत होता.

दिवसा प्रवाह कमी असल्याने त्या जोडात व्होल्टेज फारसे पडत नसे. रात्री दिवे लागले की पडत असे आणि बॅटरी उपाशी राहत असे. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही लागला नाही, कारण अल्टरनेटर आपल्यापुरते योग्य व्होल्टेज देतच होता. सतत अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती अकाली जाते. माझ्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढण्याच्या पद्धतीबद्दल मला स्पष्टपणे लिहायचे आहे. ती अल्टरनेटरपूर्वीच्या, डायनामोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटरच्या गाडीत भार अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते, त्यात अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर जळू शकतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत तर संगणकही निकामी होऊ शकतो. शिवाय त्यातून चार्जिंग पुरेसे होते हे सिद्ध होत नाही, कारण जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला चालू राहायला फार थोडी वीज पुरते. चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि टर्मिनल काढताना ठिणगी पडते, हा धोका वेगळाच.

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. १२ च्या आसपास असतील तर ती जवळजवळ उतरलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत आणि हे दिवे लावूनही पाहिले पाहिजे. पंधराच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि पाणी उकळून आटते. मुळीच वाढत नसतील तर आधी अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का, मग त्याचे कार्बन (ब्रश) झिजले आहेत का आणि लाल दिव्याचा बल्ब शाबूत आहे का हे पाहावे, कारण अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. चावी काढल्यावर लाल दिवा मंद तेवत राहिला तर डायोडवर संशय घ्यावा. (पाणी भरायचे ते डिस्टिल्डच भरावे, बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीचे नुकसान करतात.)

शहरातील गॅरेजचालक आणि बॅटरी विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, नवी बॅटरी देताना पावतीवर तीन आकडे लिहून द्यावेत: जुन्या बॅटरीचे उभ्या गाडीतील व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज आणि दिवे लावल्यानंतरचे व्होल्टेज. या मोजणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांकडून भाराखाली व्होल्टेज कुठे पडते हे मोजण्याचा सराव गाडीवरच करून घ्यावा, अशी तेथील शिक्षकांनाही विनंती आहे. माझ्या गाडीचा तो जोड कापून नवी वायर टाकल्यावर दिवे आणि पंखा लावून बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळत आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, जुळे सोलापूर