आकडे काढणाऱ्याचंही काहीतरी आकड्यात उतरतं

संपादक महोदय,
नमस्कार.

आरोग्याच्या बातमीत "संशोधनातून सिद्ध झालंय" असं वाचलं की मला थोडं हसू येतं, कारण बरीच वर्षं माझं कामच ते आहे, सर्व्हेचा डेटा साफ करायचा, टेबलं काढायची, संशोधनाच्या पेपरसाठी आकडेमोड करून द्यायची. मुलाखती घेऊन संशोधन करणारे लोक निदान लिहितात तरी की आम्ही कोण, कुठून आलो, समोरच्याने आमच्याकडे बघून काय लपवलं असेल. आमच्याकडे मात्र सगळ्यांचा समज असा की सॉफ्टवेअरमधून आकडा आला म्हणजे माणसाचा हात लागलाच नाही.

लागतो हो, चांगलाच लागतो!

माझंच सांगते. एका सर्व्हेत प्रश्न होता, रात्री किती तास झोपता. काही जणांनी ० लिहिलेलं, मी म्हटलं चुकून पडलं असणार आणि सरळ डिलीट केलं. नंतर कळलं की त्यातले बरेचसे रात्रपाळीवाले होते, ते दिवसा झोपायचे. मी रात्री झोपते म्हणून चूक त्यांची वाटली, प्रश्नच चुकलाय हे डोक्यातच आलं नाही. पेपरमध्ये आम्ही काय लिहिलं? "अविश्वसनीय नोंदी वगळल्या."

हे किरकोळ वाटेल, पण मोठ्या ठिकाणीही असंच होतं. किडनी किती काम करतेय हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (स्नायूंमधून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ) काढायचा अमेरिकेत १९९९ साली एक फॉर्म्युला आला, त्यात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला साधारण १.२ ने गुणायचं. वय तेच, क्रिएटिनिन तेवढंच, पण कागदावर किडनी वीसेक टक्के जास्त चांगली, मग ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागायलाही उशीर. संशोधकांनी लबाडी केली असं अजिबात नाही, त्यांच्या डेटात सरासरी फरक खरंच दिसला होता, पण त्याला "यांचे स्नायू जास्त असतात" हे कारण जोडलं आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की वंश काढून टाकलेला फॉर्म्युला यायला २०२१ उजाडलं. आणि हृदयविकार टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन देऊन बघायची ती गाजलेली ट्रायल, २२,०७१ डॉक्टर, सगळे पुरुष.

आमच्यातले काही म्हणतात डबल ब्लाइंड केलं (म्हणजे खरं औषध कोणाला मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही), प्लॅन आधीच रजिस्टर केला की झालं. चांगलंच आहे ते, पण त्याने निर्णय फक्त कुलूपबंद होतो, प्रश्न कोणी निवडला आणि कोणाला मोजायचंच नाही असं कोणी ठरवलं हे त्यातून कळत नाही. २०१८ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, विषय फुटबॉलचा होता, सावळ्या खेळाडूंना रेड कार्ड जास्त मिळतं का. एकच डेटा २९ टीमना दिला, २० टीम म्हणाल्या हो, फरक आहे, ९ जणांना तसं ठोस काही सापडलं नाही. सगळे जाणकार होते आणि कोणी काही ढापलं नव्हतं!

आता यावर उपाय म्हणून पेपरच्या शेवटी "लेखिका स्त्री आहे, उच्चशिक्षित आहे" अशी दोन वाक्यं टाकायची टूम निघाली तर मला त्यात काही अर्थ वाटत नाही, तो नुसता फॉर्म भरल्यासारखा प्रकार होईल. मी कोण आहे यापेक्षा त्यामुळे मी काय केलं ते लिहा ना. कटऑफ, म्हणजे कुठली नोंद धरायची आणि कुठली वगळायची ती सीमा, इथेच का ठेवला, दुसरा कुठला ठेवता आला असता, तो ठेवून बघितला का आणि मग उत्तर बदललं का. एक पान लागेल, फार तर दीड.

तुम्हालाही एक विनंती. अशी बातमी छापताना बातमीदाराला एवढं विचारायला सांगा की किती जणांना वगळलं आणि ते कोण होते. किती ते बहुतेक पेपरमध्ये असतं, पहिल्या टेबलाच्या आसपास. कोण ते मात्र फोन करूनच विचारावं लागेल.

आपली,
एक वाचक