शंभरातून सात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मनोरुग्णांच्या एकाग्रतेवरचा लेख वाचला. हेतू चांगला असेल, पण ‘घरच्या घरी तपासा’ ही चौकट छापायलाच नको होती. शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, चुकले की लक्ष कमी, असा निकाल तिथे देऊन टाकला आहे.

९३, ८६, ७९, ७२, ६५. याला मिनिटभर लागते, आणि त्यात शिक्षण, हिशेबाची सवय, आधीचा आकडा डोक्यात धरणे हे सगळे एकत्र तपासले जाते. चौथीत शाळा सुटलेली निरोगी बाई ८६ वर अडखळेल. उलट स्किझोफ्रेनिया झालेला बी.कॉम. मुलगा पाचही उत्तरे बरोबर देईल आणि तरी तासभर गल्ल्यावर बसू शकणार नाही. बिघडते ते हवे ते धरून ठेवणे आणि नको ते वगळणे. त्यासाठी वेगळी चाचणी असते: पडद्यावर एकेक अक्षर झरझर येते, ‘ए’च्या लगेच नंतर ‘एक्स’ आले तरच बटण दाबायचे. सुटलेली अक्षरे वेगळी मोजायची, भलतीकडे दाबलेले बटण वेगळे.

नैराश्यात लक्ष मंदावते, उन्मादात प्रत्येक आवाजामागे धावते. मनःस्थिती सावरली की ते बरेच सुधारते. बायपोलरच्या, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येणाऱ्या आजाराच्या, काही रुग्णांत मात्र उणीव उरते. स्किझोफ्रेनियात औषधांनी भास बहुधा ओसरतात, लक्ष तेवढे परतत नाही. याला ‘आळस’ म्हणणे अन्यायाचे आहे. ‘गॅस बंद कर, दूध झाक, दार लाव’ असे एका दमात सांगितले की एखादे काम सुटतेच. एका वेळी एकच सांगा, लिहून द्या, टीव्ही बंद ठेवा, पंधरा मिनिटांनी उसंत द्या.

मनोविकारावरच्या औषधांनी येणारी थरथर आणि ताठरपणा यांसाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची २ मिलिग्रॅमची गोळी स्मरण आणि लक्ष दोन्ही मंद करू शकते. ती वर्षानुवर्षे चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. लेखात सुचवलेली ‘एकाग्रतेची गोळी’ तर मुळीच मागू नका. तिच्यातल्या मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाने भास किंवा उन्माद उसळू शकतो.

आणि कृपया स्किझोफ्रेनियासाठी ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द थांबवा. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिले तेव्हा विचार आणि भावना यांची फारकत त्यांना सांगायची होती, एका देहातली दोन माणसे नव्हेत. मराठीत छिन्नमनस्कता हा शब्द आहे, तो वापरावा.

– एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुणे